गळका घडा

(भालकी येथील एका स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा छापील मजकूर)



आमच्या चौथीच्या गुरुजींच्या तोंडी विद्यार्थ्यांसाठी दोनच शिव्या होत्या आणि दोन्ही घड्यांच्या. ज्याच्या डोक्यात काही शिरायचंच नाही तो पालथा घडा. ज्याच्या डोक्यात शिरायचं, पण टिकायचं नाही, तो गळका घडा. माझी गणना दुसऱ्यांत. सकाळी पाठ केलेली कविता मधल्या सुट्टीपर्यंत निम्मी सांडलेली असायची. पुढे पस्तीस वर्षं मी डॉक्टर होणाऱ्या पोरांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. शिकवता शिकवता कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या वाटेवर मला असे काही घडे भेटले, की ते गळके आहेत म्हणूनच आपल्याला ऐकलेलं कळतं. गुरुजींना हे उत्तर द्यायचं राहून गेलं. आज तेवढंच देतो.

आधी वर्गात जाऊ. चौथीचा वर्ग, खाली शहाबादी फरशी, उन्हाळ्यात गार आणि थंडीत बर्फ. १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि आपण म्हैसूर राज्यात. त्या फरशीवर मात्र तुकडे पडलेले नव्हते. माझ्या डाव्या हाताला बसणाऱ्या पोराच्या घरी कन्नड, उजव्या हाताच्या घरी दखनी, एकाच्या घरी तेलुगू. मराठी सगळ्यांना यायची, पण प्रत्येकाची आपापली.

गुरुजी शुद्धलेखन घालायचे. खिडकीत पाठमोरे उभे राहायचे, म्हणजे कुणी ओठांवरून ओळखू नये. "लिहा. काल. खाल. गाल. घाल." निम्म्या पाट्यांवर दोनच शब्द चार वेळा. कन्नड बोलणाऱ्याच्या रोजच्या बोलण्यात ख, घ, भ यांचं फारसं काम पडत नाही. लिपीत ती अक्षरं आहेत, संस्कृतातून आलेल्या शब्दांत ती लिहिलीही जातात, पण बाजारात उच्चारायची वेळ आली की बहुतेकदा हवा निघून जाते. दखनीतही 'कुछ'चं 'कुच' होतं. गुरुजी मारत नसत. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचं मागच्या तारखेचं पान फाडायचे, ते तोंडासमोर धरायचे आणि म्हणायचे, "काल." पान स्तब्ध. "खाल." पान फडफडलं. मग एकेकाला उठवून पान त्याच्या हातात. गाल आणि घाल यांच्यासाठी गळ्यावर बोट ठेवायला लावायचे, आत काय गुणगुणतंय ते बोटाला कळायचं. चौथीच्या वर्गात आम्ही ध्वनिशास्त्राचा प्रयोग करत होतो, हे मला पुढे वीस वर्षांनी समजलं.

समजलं ते असं. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन या दोन अमेरिकी संशोधकांनी एक लेख प्रसिद्ध केला. जगातल्या अकरा भाषा घेऊन त्यांनी एकच गोष्ट मोजली. प, त, क यांसारखं व्यंजन उच्चारताना तोंडातला अडसर सुटतो तो क्षण, आणि गळ्यातल्या स्वरतंतूंची कंपनं सुरू होतात तो क्षण, या दोहोंत अंतर किती? त्या अकरांत हिंदी होती, तमिळ होती आणि आपली मराठीही होती. लिस्कर तेलुगूचे अभ्यासक, म्हणजे आपल्या पूर्वेच्या शेजाऱ्यांशी त्यांचा घरोबा होताच. त्यांच्या मोजपट्टीवर 'काल'मधला क सुटल्यावर साधारण वीस-तीस मिलिसेकंदांत गळा बोलायला लागतो. 'खाल'मध्ये तोच गळा ऐंशी-शंभर मिलिसेकंद थांबतो आणि मधल्या वेळात नुसती हवा वाहते. दिनदर्शिकेचं पान हलवते ती हीच हवा. 'गाल'मध्ये गळा अडसर सुटण्याच्या आधीपासूनच गुणगुणत असतो. आणि 'घाल'? तिथे त्यांची मोजपट्टी अपुरी पडली. ग आणि घ दोन्हींत गळा आधीच सुरू असतो, त्यामुळे नुसत्या वेळेवरून ते वेगळे करता येईनात. हिंदी आणि मराठीनं त्यांना अडवलं, हे वाचून मला थोडा आनंद झाला, लपवत नाही.

मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. पापणी लवून उघडायला शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात. म्हणजे क आणि ख यांच्यातला सगळा फरक एका पापणीच्या लवण्यात मावतो. माणिकनगरच्या दरबारात दत्तजयंतीला गाणं ऐकत रात्र रात्र बसलेली मंडळी इथे असतील. द्रुत लयीत तिरकिट वाजतं तेव्हा एकेका बोलाला जेमतेम शंभर मिलिसेकंद येतात, आणि तरी एक बोल दबला तर कोपऱ्यातला म्हाताराही मान हलवायची थांबवतो. हे कोण मोजतं? कानाच्या मागे, कवटीच्या आत, ओलसर, खारट, चरबीच्या पिशव्यांनी भरलेल्या मेंदूत घड्याळ कुठं आहे?

उत्तरासाठी महादेवाच्या देवळात चला. पिंडीवर तांब्याचं भांडं टांगलेलं असतं, आपण त्याला गळती म्हणतो. तळाला भोक, भोकात दर्भाची काडी, आणि थेंब थेंब अभिषेक. वरून तांब्या ओतला की पाणी चढतं, ओतणं थांबलं की उतरत जातं. आता दोन गळत्या शेजारी टांगा. आकार सारखा. एकीचं भोक सुईएवढं, दुसरीचं अंगठ्याएवढं. दोन्हींत थोड्या थोड्या अंतरानं तीन तांबे ओता. पहिलीत पाणी चढतच जाईल, तिन्ही तांबे एकमेकांत मिसळतील, आणि पाच मिनिटांनी आलेल्या माणसाला नुसतं पाणी बघून सांगता येणार नाही की एक मोठा हंडा रिकामा केला होता की तीन तांबे. दुसरीत पहिला तांबा चढला आणि उतरला, दुसरा चढला आणि उतरला, तिसरा तसाच. बघणारा बोटांवर मोजू शकतो. मात्र या गळतीत पाणी फार वर कधी जात नाही. काठापर्यंत न्यायचं तर चार जणांनी एकदम, एकाच क्षणी ओतावं लागेल.

भौतिकशास्त्राचे शिक्षक समोर बसलेत, त्यांच्या कपाळावरची आठी दिसली. खरं आहे, नुसत्या भोकातून पाणी उंचीच्या वर्गमुळाच्या हिशोबानं पडतं. म्हणून तर दर्भाची काडी दाटून बसवली. काडीतून पाझर असला की हिशोब सरळ होतो.

प्रत्येक चेतापेशी ही अशी एक गळती आहे; पाणी काठाबाहेर गेलं की ती विजेचा आवेग सोडते. तिची भिंत म्हणजे पेशीपटल, चरबीचा दुपदरी पापुद्रा, जाडी साधारण चार-पाच नॅनोमीटर. आत आणि बाहेर खारट पाणी, आतला विद्युतदाब बाहेरच्यापेक्षा सुमारे सत्तर मिलिव्होल्टनं कमी. सत्तर मिलिव्होल्ट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण तो दाब इतक्या पातळ पापुद्र्यावर पेलायचा आहे. मीटरच्या हिशोबात नेला तर दीड कोटी व्होल्टच्या आसपास जातो. कोरडी हवा मीटरला तीस लाख व्होल्टलाच फाटते आणि ठिणगी पडते. आपल्या प्रत्येक पेशीची भिंत विजेच्या ढगापेक्षा जास्त ताण सोसत उभी असते, आणि आपण इथे शांतपणे चहाची वाट बघत बसलेलो असतो.

या पापुद्र्यावर वीज साठते. किती साठते त्याला धारिता म्हणतात, ती आपल्या गळतीची रुंदी. ह्यूगो फ्रिके यांनी १९२५ च्या सुमारास रक्तातल्या लाल पेशींवर ती मोजली, दर चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोफॅरडपेक्षा थोडी कमी भरली. त्यावरून त्यांनी पापुद्र्याची जाडीही काढली, तो प्रत्यक्ष बघण्याची सोय नव्हती तेव्हा. पुढे १९३९ मध्ये केनेथ कोल आणि हॉवर्ड कर्टिस यांनी स्क्विड, म्हणजे कोकणातल्या माकुलीच्या, जाडजूड चेतातंतूवर पाहिलं, की तंतूतून आवेग जाताना पापुद्र्याचा रोध धाडकन कोसळतो, पण धारिता जवळजवळ जागची हलत नाही. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. लाल पेशी असो, माकूल असो की माणूस, भिंत सगळीकडे सारखीच. एका पेशीला दुसरीपेक्षा चपळ करायचं तर भिंतीशी खेळून भागत नाही. भोकांशी खेळावं लागतं.

भोकं म्हणजे पटलात बसवलेली प्रथिनांची दारं. सोडियमची, पोटॅशियमची, आणखीही बरीच. उघडी दारं जास्त तर रोध कमी, पाझर जास्त, आणि चढलेलं पाणी लवकर उतरणार. चढलेल्या उंचीच्या सदतीस टक्क्यांवर यायला जो वेळ लागतो तो त्या पेशीचा कालस्थिरांक, रोध गुणिले धारिता. मेंदूच्या वरच्या थरात, जिथे आपण विचार करतो असं समजतो, तिथल्या नेहमीच्या पेशींचा कालस्थिरांक दहा-वीस मिलिसेकंदांचा. त्या सुईच्या भोकाच्या गळत्या. वेगवेगळ्या वेळी आलेले इशारे साठवतात, बेरीज करतात. आणि कानाची नस मेंदूत शिरते तिथेच, पहिल्याच ठाण्यावर, आठ पायांच्या प्राण्यासारख्या दिसणाऱ्या काही पेशी असतात. कर्स्टन ओसेन यांनी १९६९ मध्ये त्यांना ऑक्टोपस पेशी असंच नाव दिलं. त्यांचा कालस्थिरांक मिलिसेकंदाचा पाचवा हिस्सा. पन्नास ते शंभर पटींचा फरक, आणि भिंत तीच!

या ऑक्टोपस पेशीवर मी थोडा रेंगाळणार आहे. डोनाटा ओर्टेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूच्या ताज्या कापांवर वर्षानुवर्षं काम करून ती उलगडली. एकेका पेशीवर कानाच्या नसेचे साठाहून जास्त तंतू येऊन टेकतात. एकट्यादुकट्या तंतूनं तांब्या ओतला तर ही पेशी ढिम्म. बऱ्याच तंतूंनी एका मिलिसेकंदाच्या आत, अगदी एकदम ओतलं तरच ती आवेग सोडते, तोही एकच. आणि हळूहळू पाणी वाढवत नेलं तर? काठापर्यंत जाईल इतकं ओतलं तरी ती गप्प राहते. तिला किती यापेक्षा किती झटक्यात याची पर्वा.

हे कसं साधतं? तिच्या पटलात पोटॅशियमची एक जातीची दारं आहेत, ती पाणी थोडं चढलं की आपणहून आणखी उघडतात. कारंजा धरणावर पाणी वाढलं की दरवाजे उचलतात ना, तसं. पाणी सावकाश वाढलं तर दरवाज्यांना उघडायला सवड मिळते, आणि पातळी काठाला कधी लागतच नाही. लोंढा आला तर दरवाजे उघडायच्या आतच काठ ओलांडलेला असतो. शब्दातला अडसर सुटतो तो क्षण, टाळी, टाळावरचा ठोका, तबल्यावरची थाप हे लोंढे. पंख्याची घरघर ही सावकाश वाढ. ऑक्टोपस पेशी पंख्याकडे लक्ष देत नाही. शिवाय याच पेशीत दुसऱ्या जातीची दारं आहेत, ती उलट पाणी उतरलं की उघडतात आणि आत भर घालतात. विश्रांतीच्या वेळीही दोन्ही दारं अर्धवट उघडी. नळ चालू आणि मोरीही उघडी, अशा अवस्थेत पातळी स्थिर ठेवलेली. आमच्या घरी कुणी असं केलं असतं तर आईनं लाटणं घेतलं असतं.

या पोटॅशियमच्या दारांची कुळकथा माशीपासून सुरू होते. केळं सडलं की त्यावर घोंगावणारी बारीक चिलटं, त्यांच्यातल्या काही इथरच्या वाफेखाली पाय थरथरवतात. त्या बिघाडाचं नाव पडलं शेकर. १९८७ मध्ये त्यामागचं जनुक हाती लागलं, आणि ते पोटॅशियमच्या दाराचं निघालं. आपल्या कानाच्या पहिल्या ठाण्यावरची दारं त्याच घराण्यातली. त्या चिलटांच्या चेतापेशींचा आपल्या देशातला अभ्यास ओबैद सिद्दिकी यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभा केला. ताप चढला की लुळी पडणारी आणि थंड झालं की उठून चालणारी चिलटं घेऊन त्यांनी सीमूर बेंझर यांच्याबरोबर १९७६ मध्ये आवेगातला दोष शोधून काढला. पुढे ते बंगळुरूला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभारायला गेले. माशी मारणं हे रिकामटेकड्याचं लक्षण म्हणून आपल्याकडे सांगतात, त्याला हा एक अपवाद धरा. पोटॅशियमच्या या दारांना बूच मारायचं औषध मात्र आफ्रिकेतल्या मांबा सापाच्या विषात सापडलं. ते विष घातलं की जी पेशी ठोक्याला एकदाच बोलायची, ती तडतड बोलत सुटते. म्हणजे गळकेपणा काढून घेतला की शिस्तही जाते.

आता डावं-उजवं. आवाज डावीकडून आला तर तो डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला नंतर लागतो. माणसाच्या डोक्याच्या रुंदीला हा उशीर जास्तीत जास्त मिलिसेकंदाच्या सहा-सात दशांशांएवढा. आणि सरावलेल्या माणसाला त्यातला दहा मायक्रोसेकंदांचा, म्हणजे मिलिसेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचा, फरक कळतो. एकेकटी पेशी इतकी बारीक नसते, अशा हजारो पेशींचा कौल घ्यावा लागतो. पण तो कौल घेण्याजोगा असावा म्हणून एकेक पेशी आधी चपळ लागते. आमच्या गावच्या गढीच्या पडक्या बुरुजात गव्हाणी घुबडांची जोडी होती. पांढरं, बदामासारखं तोंड. आज्जी म्हणायची, तिकडं बघू नको. मी बघायचो. मिट्ट काळोखात ते बुरुजावरून निघायचं आणि कडब्याच्या गंजीजवळ नेमकं उतरायचं. रॉजर पेन यांनी पूर्ण अंधार केलेल्या खोलीत अशा घुबडांना सोडून दाखवलं, की ती पाचोळ्यातल्या उंदराची खसखस ऐकून झडप घालतात. एरिक नूडसेन आणि मासाकाझू कोनिशी यांनी १९७८ मध्ये घुबडाच्या मेंदूत आवाजांच्या जागांचा नकाशा सापडल्याचं जाहीर केलं. कॅथरीन कार आणि कोनिशी यांनी १९९० मध्ये त्याच्या मुळाशी असलेली रचना दाखवली. दोन्ही कानांकडून येणारे तंतू कमीजास्त लांबीच्या वाटांनी येतात, आणि मधल्या पेशी दोन्हीकडचे इशारे एकाच क्षणी पोचले तरच बोलतात. लॉइड जेफ्रेस यांनी ही कल्पना १९४८ मध्ये कागदावर मांडली होती. सस्तन प्राण्यांत अगदी तसंच घडतं का, यावर जाणकारांचं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि भांडणारे दोन्हीकडचे लोक भले आहेत. पण एका बाबतीत दोघांचं एकमत आहे. या पेशी गळक्या हव्यात. डावीकडचा तांबा उतरायच्या आत उजवीकडचा पडला तरच काठ ओलांडला जावा, एरवी नाही.

तरी या चपळाईला कानातच एक मर्यादा आहे. आवाजाचं विजेत रूपांतर करणाऱ्या आतल्या केसपेशी, प्रत्येक कानात साडेतीन हजारांच्या घरात, याही गळत्याच. त्यांची भोकं मोठी आहेत, पण अमर्याद मोठी नाहीत. आवाज सेकंदाला काही हजार कंपनांच्या वर गेला की एकेक कंपन सुटं राहत नाही, पाणी नुसतं एका उंचीवर थरथरतं. म्हणून रातकिड्याच्या किरकिरीतलं एकेक कंपन आपल्या नसेत उमटत नाही, ती किरकिर कधी सुरू झाली आणि कधी थांबली एवढंच उमटतं.

डोळ्याचं काय, असं कुणीतरी चिठ्ठीवर विचारलंय. डोळा माशीचा घ्या. सायमन लॉफलिन आणि मॅटी वेकस्ट्रम यांनी १९९३ मध्ये अनेक जातींच्या माश्यांच्या डोळ्यांतल्या पेशी तपासल्या. झपाट्यानं उडणाऱ्या, उजेडात फिरणाऱ्या माश्यांच्या पेशी गळक्या, त्यांच्यात पोटॅशियमची दारं उघडून तशीच राहतात. संधिप्रकाशात रेंगाळत उडणाऱ्या लांबटांग्या माश्यांच्या पेशी सुईच्या भोकाच्या, आणि त्यांची दारं उघडून पुन्हा पटकन मिटतात. जिला अंधुक उजेडातले चार कण वेचायचे आहेत तिनं गळकं राहून भागणार नाही. घरातली माशी तुमचा हात सुटायच्या आत उडते, त्यामागचं एक कारण हे.

तुम्ही म्हणाल, मग सगळ्याच पेशी गळक्या का नाहीत? कारण गळती फुकट नसते. जेवढं पाणी पाझरतं तेवढं परत उपसून भरावं लागतं. पेशीपटलातला पंप तीन सोडियम बाहेर फेकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि प्रत्येक फेरीला इंधनाचा एक कण जाळतो. रात्रंदिवस, झोपेतसुद्धा. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के आणि खर्चाला वीस टक्के, हे तुम्ही ऐकलं असेल. लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये उंदरांच्या मेंदूत कुठं किती साखर जळते याचा हिशोब काढला. पहिला नंबर कुणाचा आला? विचार करणाऱ्या वरच्या थराचा नव्हे. ऐकण्याच्या वाटेवरचं एक ठाणं पहिलं आलं. ज्याला क्षणाक्षणाचा हिशोब ठेवायचाय त्याच्या चुलीत लाकूड जास्त जातं. आठवण ठेवणाऱ्या पेशींना तेवढी चैन परवडत नाही आणि गरजही नाही. गुरुजींना हवं होतं ते त्यांच्याकडे आहे, घट्ट भोक आणि सावकाश पाझर. माझ्याकडे ते कमी पडलं असेल.

एक व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण इथे नातवंडं असलेल्या बायाबापड्या बसल्यात. जन्मलेल्या बाळाला कावीळ होते, बहुतेकांची आपसूक जाते. ज्यांची फार चढते त्यांच्या रक्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, मेंदूत उतरतं, आणि त्याचा मार ज्या जागांवर पडतो त्यांत ऐकण्याच्या या पहिल्या ठाण्यांचा नंबर वरचा. असं मूल पुढे दार आपटलं की दचकतं, घरचे म्हणतात कान चांगले आहेत. पण शब्द त्याला लागत नाहीत. आवाज पोचतो, वेळ पोचत नाही. अशा बाळाची बेरा तपासणी करतात. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवून कानात हजारदोनहजार टकटक सोडतात आणि त्यांची सरासरी काढतात. निरोगी बाळात पहिल्या दहा मिलिसेकंदांत कागदावर ठरावीक लाटा उमटतात. भजनात शंभर टाळकरी एका ठोक्याला टाळ मारतात तेव्हा घाव ऐकू येतो. प्रत्येकजण जरासा मागेपुढे झाला तर नुसता खणखणाट. मेंदूतले टाळकरी असे मागेपुढे झाले की सरासरीत लाटा विरून जातात, कागद सपाट. अशा कितीतरी सपाट कागदांकडे बघत मी उभा राहिलोय, आणि शेजारी आई विचारतेय की हा दचकतो मग ऐकत का नाही. निळ्या उजेडाखाली बाळाला वेळेवर ठेवलं तर हे बहुतेकदा टळतं. अंगणातल्या कोवळ्या उन्हावर विसंबू नका, डॉक्टरला बाळाचं रक्त बघू द्या. एवढं सांगून मूळ वाटेला येतो.

म्हातारपणी दुसऱ्या वाटेनं तेच होतं. केसपेशी झिजतात, आणि त्यांच्यापासून निघणाऱ्या नसेचे तंतूही तुटत जातात. साठ तंतू ओतत होते तिथं वीस उरले, तर लोंढ्याचा पाझर होतो, आणि पाझराला ती पेशी दाद देत नाही. यंत्र लावून आवाज मोठा करता येतो, तुटलेला तंतू जोडता येत नाही. "ऐकू येतं रे, पण शब्द फुटत नाहीत," ही तक्रार म्हाताऱ्या माणसाची म्हणून आपण हसण्यावारी नेतो. ती तक्रार शब्दशः खरी असते.

गुरुजींचीही शेवटची पाच-सहा वर्षं अशीच गेली. यंत्र होतं, ते बहुधा उशाखाली असायचं. मी भेटायला गेलो ती, मला आठवतं, संक्रांतीनंतरची दुपार. वहिनींनी ताट वाढून आणलं, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, पुंडीची भाजी. मी म्हटलं, "गुरुजी, आता थोडं खाल ना?"

"काल?" ते म्हणाले. "काल कुणी आलं नव्हतं."

मी जवळ सरकून मोठ्यानं विचारलं. तेच उत्तर. वहिनी म्हणाल्या, राहू दे, ताट समोर ठेवलं की कळेल त्यांना. भिंतीवर दिनदर्शिका होती. मी मागच्या महिन्याचं पान फाडलं, त्यांच्या डोळ्यांसमोर आणि माझ्या तोंडासमोर धरलं, आणि पुन्हा म्हटलं.

पान हललं. गुरुजी पानाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे.

"खाईन की," म्हणाले, "आण."